तीनदा विचारायचं असतं

ऐन तूत
१२ एप्रिल १९९७

चिरंजीव नझीह यास तुझ्या आजीचे, तेता वर्देचे, आशीर्वाद.

अक्षर सलवाचं आहे, बोलणं माझं आहे. शेजारणीला शिवणयंत्रावरून उठवून समोर बसवलंय. तेव्हा चुका दिसल्या तर तिच्या, आणि शहाणपण दिसलं तर माझं. पत्र अबू तन्नूसच्या टॅक्सीतून पाठवतेय. तुझ्या आत्याला फोन करायचा म्हणजे वाण्याच्या दुकानात करायचा, आणि मग अर्धं बाल्बेक हातात पिशव्या घेऊन ऐकत उभं राहणार.

तर तू रुसलास. चाळिशीला टेकलेला माणूस, दारातून आत येताना मान वाकवावी लागते एवढा उंच, गावच्या बास्केटबॉल क्लबाचा कोच. ज्या पोरांना तू शाळेच्या सिमेंटच्या अंगणात पळवत होतास, ती आयुष्यात पहिल्यांदा बाद फेरीत पोचलीत. आणि ऐन वेळेला हा आत्याकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलाय! शाबास.

गावात कहाण्या फार आहेत. न्हावी सांगतो, अध्यक्षाने तुला हाकललं. औषधवाला सांगतो, तू अध्यक्षाच्या अंगावर खुर्ची फेकलीस. मला ती खुर्चीची जास्त आवडली, पण खरं काय ते खुद्द अध्यक्षाने, सेन्योर नागिबनेच मला सांगितलं. फुलं घेऊन आला होता. माझं अभिनंदन करायला! म्हणाला, "तेता, तुमचा नातू किती मोठ्या मनाचा! शेवटचा साखळी सामना हरलो, तर स्वतःहून माझ्याकडे आला. म्हणाला, माझा राजीनामा तुमच्या हातात आहे. मी लगेच घेतला. असल्या स्वाभिमानी माणसाला अडवायचं कसं?"

मी फुलांकडे बघत बसले. दुसरीकडे बघायची सोय नव्हती, हसू आलं असतं.

अरे गाढवा, राजीनामा कुणापुढे टाकावा हे कळू नये? तुझे आजोबा दर शनिवारी मालकाला म्हणायचे, "मी चाललो, दुसरा माणूस बघा." मालक दर शनिवारी त्यांना छातीशी धरायचा, "हे काय बोलणं झालं, बसा, कॉफी घ्या." अशी जन्मभराची नोकरी झाली. हरल्यावर राजीनामा म्हणजे पाहुण्याचं "निघतो आता". यजमानाने हात धरून बसवायचं असतं. पण यजमान आपल्यातला हवा! नागिब जन्मला ब्राझीलमध्ये, साओ पावलोत, चपलांचा कारखाना काढून तिथेच टकला झाला, आणि आजोबांचं गाव बघायला म्हणून आला तो क्लबाचा अध्यक्ष होऊन बसला. त्याला आपली भाषा येते, आपली रीत येत नाही. पहिल्यांदा माझ्या दारावरून जात होता तेव्हा मी म्हणाले, "या, जेवून जा." तर "हो" म्हणाला आणि आत येऊन बसला. पहिल्याच खेपेला! घरात दोन अंडी होती. एकेक खाल्लं, आणि तो जाईपर्यंत मी त्याला तुझ्या आजोबांचे फोटो दाखवत राहिले.

तू गेल्यावर त्याने तुझ्या मदतनिसाला बोलावलं, एलीला. "कोच होशील का?" एली चांगल्या घरचा. छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी? नझीहच्या जागी? माझी काय लायकी?" नागिबने त्याची पाठ थोपटली. "प्रामाणिक आहेस. स्वतःला ओळखून आहेस." आणि निघून गेला. बिचारा एली दुसऱ्यांदा विचारायला कुणी येईल म्हणून जेवणवेळेपर्यंत व्हरांड्यात उभा होता. त्याच्या आईने बकलावा वाटून टाकला होता. आता ती रस्ता बदलून चालते.

आता म्हणे नागिब म्हाताऱ्या उस्ताद हलीमकडे जाणार आहे, कोच व्हा म्हणून विचारायला.

तुला तुझी पोरं परत हवीत की नकोत, एवढंच कळव. खरं कळव, रीतीचं नको.

तेता वर्दे

(सलवा म्हणते, शेवट गोड कर. नाही करत.)

*

बाल्बेक
१४ एप्रिल

प्रिय तेता,

तुझ्या हाताचं चुंबन.

मी रुसलेलो नाही. विश्रांती घेतोय. इथली हवा उत्तम, आत्याच्या हातचा मांसाचा सफीहा त्याहून उत्तम. शिवाय अम्मानच्या एका मोठ्या क्लबाचा निरोप आलाय. विचार करतोय. घाई नाही.

नागिबचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. मी राजीनामा म्हणालो, तर त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "धन्यवाद." धन्यवाद! दहा वर्षांचं काम, आणि टपालवाल्याला म्हणावं तसं धन्यवाद! वर दुसऱ्या दिवशी मला कातड्याची प्रवासी बॅग पाठवली, भेट म्हणून. हाकलायची एवढी घाई?

त्याला मी हवा असेन तर त्याने स्वतः यावं. पाद्रीबाबा आणि गावचे चार मोठे घेऊन यावं, नीट विचारावं, मी नाही म्हणेन, त्याने पुन्हा विचारावं. माणसं करतात तसं.

बाकी मला काही देणंघेणं नाही. पण डेक्सटर सरावाआधी गुडघ्याला पट्टी बांधतो का, ते बघायला सांग कुणाला तरी. त्याच्या आईला अमेरिकेत मी शब्द दिलाय. आणि मुलं डावीकडून धावतात तेव्हा मधली जागा मोकळी सोडतात, त्यावर कुणी ओरडतंय का? नसेल तर नसो. मला काय!

तुझा,
नझीह

ता. क. आई, मी अफीफे. हा पत्र पाकिटात घालायला मला देऊन अंगणात गेला, म्हणून दोन ओळी लिहिते. अम्मानबिम्मान काही नाही. तो दिवसभर माझी संत्री आणि लिंबं टेबलावर मांडून त्यांच्याशी बोलतो. काल एका लिंबावर एवढा ओरडला की मांजर पळालं ते अजून आलेलं नाही. लवकर काहीतरी कर. मला कोशिंबिरीला लिंबू उरलेलं नाही, हा म्हणतो संघ मोडेल.

*

ऐन तूत
१७ एप्रिल

चिरंजीव नझीह यास आशीर्वाद.

अम्मानच्या क्लबाला माझा नमस्कार सांग. फार रसाळ माणसं आहेत असं ऐकलं.

उस्ताद हलीम कोच झाले आणि उतरलेसुद्धा. ऐक.

नागिब त्यांच्याकडे गेला. हलीमनी लगेच होकार दिला, कारण ते म्हातारे झाले आणि दोनदा नाही म्हणायला त्यांना दम पुरत नाही. नागिबला वाटलं, आहा, सगळं जमलं! मग म्हणाला, "उस्ताद, बाद फेरीआधी पोरांना एका छपराखाली ठेवावं म्हणतो. कुठे ठेवू?" हलीम काय म्हणणार? सभ्य माणूस. म्हणाले, "माझं घर तुमचंच घर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा संघ बॅगा घेऊन दारात. डेक्सटर सगळ्यात पुढे, बगलेत स्वतःची उशी. मागून नागिबच्या ट्रकातून गाद्या. हलीमच्या बायकोला तू ओळखतोस, ती चहालासुद्धा मोजून साखर घालते. ती अंघोळीहून आली तर बैठकीत झाडांसारखे बारा पुरुष उभे, आणि एकाने तिचं लोणच्याचं भांडं चेंडू ठेवायला रिकामं केलेलं. ती ओरडली ते मला इथे, गल्लीच्या या टोकाला ऐकू आलं. आधी संघ बाहेर आला, मग गाद्या आल्या, मग हलीम आले. हलीम अजून मुलीकडे राहतात.

नागिब माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "तेता, मी तर विचारूनच केलं! माणसं स्वतःच्या तोंडाने बोलतात आणि मग मलाच शिव्या देतात. मी काय चूक केली?"

मला त्याची दया आली. तो वाईट नाही रे. ती बॅग त्याने तुला हाकलायला नाही दिली. "नझीहला चांगली बॅग नाही, प्रवासात पिशवी घेऊन हिंडतो," असं म्हणत होता. डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाटतं तू थकला होतास आणि तुला सुटका हवी होती, आणि एवढ्या थकलेल्या माणसाला आपण धरून ठेवलं हाच त्याला गुन्हा वाटतो.

तेव्हा तुला आता मी सांगते ते ऐक. नागिबशी रीतीने बोलू नकोस. ब्राझीलच्या माणसाशी ब्राझीलसारखं बोल. तो आला आणि म्हणाला "परत येशील?" तर लगेच हो म्हण. आढेवेढे नाहीत, छातीवर हात नाही, "माझी काय लायकी" नाही. हो. एक अक्षर. लाज वाटली तर डोळे मिटून म्हण.

आणि काल दिवसभर मी कुठे होते ते विचारू नकोस. सलवा लिहायला बघतेय. हात बाजूला घे गं.

डेक्सटर पट्टी बांधतो. मी स्वतः बघून आले. त्याला भात भरलेली द्राक्षवेलीची पानं वाढली, तर "आणखी घे" म्हटल्यावर प्रत्येक वेळी घेतो. या देशात एवढी साधी माणसं येतात कशी!

तेता वर्दे

*

बाल्बेक
१९ एप्रिल

प्रिय तेता,

बॅगेचं मला ठाऊक नव्हतं. चांगली आहे. आत वेगळे कप्पे आहेत.

ठीक आहे. तो आला तर मी हो म्हणेन. पाद्रीबाबा नसले तरी चालतील. आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्या खेपेला "हो" म्हणताना माझं तोंड एका बाजूला जातं, लहानपणी तुझी काकवी चोरून खाल्ल्यावर जायचं तसं. आत्या म्हणते, सवयीने बसेल.

पण त्याने यायला तर हवं. सामना सव्वीसला आहे, बैरूतवाल्यांशी, आणि आमच्या मैदानावर. त्यांचा मधला खेळाडू उजवीकडे वळूच शकत नाही, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तेता, मला झोप लागत नाही. दुसऱ्या कुणी त्या बाकावर बसून माझ्या पोरांना हरवलं तर मी ते आयुष्यभर विसरणार नाही. आणि मीच इथे बसून हरवलं, तर तेही नाही.

सामान बांधून दाराशी ठेवलंय.

नझीह

*

बाल्बेक
२२ एप्रिल

तेता!

तो आला होता. तू त्याला काय शिकवलंस? आधी ऐक आणि मग शपथेवर सांग.

काल दुपारी दारात गाडी थांबली. नागिब उतरला. एकटाच, हातात मिठाईचा डबा. आत्याने विचारलं, "कॉफी घेणार?" तो म्हणाला, "नको, नको, त्रास नको." ती पुन्हा म्हणाली. "छे, आत्ताच घेतली." ती पुन्हा म्हणाली, तेव्हा मान खाली घालून, "बरं, तुमचा मान राखायला." मी बघतच राहिलो. आपला कुणी काका बोलतोय असं वाटलं. मला वाटलं, चला, हा माणूस सुधारला, आता सगळं सुरळीत होणार.

मग त्याने कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाला, "नझीह, परत येशील?"

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "हो."

तो हसला. बोट हलवलं, जसं काही मी लबाड पोर आहे. "नझीह, क्लबाला तू हवा आहेस. येशील ना?"

"हो. येतो. आत्ता येतो."

तो आणखी हसला. पण आता जरा दुःखी. "तिसऱ्यांदा विचारतो. नीट विचार करून सांग."

"अहो, हो! हो म्हणतोय! हे बघा, सामानसुद्धा बांधलंय!"

त्याने दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं, त्यानेच दिलेली, आणि तेता, त्याने खिशातून रुमाल काढला. म्हणाला, "केवढी ही सभ्यता! माझं मन राखायला सामान बांधून दाखवलंस!" मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले, आत्याला नमस्कार केला आणि गेला. मी अनवाणी वाण्याच्या दुकानापर्यंत गाडीमागे धावलो. त्याने काचेतून हात हलवला. त्याला वाटलं, निरोप द्यायला धावतोय!

तू त्याला काय शिकवलंस?

नझीह

*

ऐन तूत
२३ एप्रिल

आदरणीय तेता वर्दे यांस,

नागिबचा सादर प्रणाम.

आपण माझ्यासाठी अख्खा दिवस खर्ची घातलात, त्या शिकवणीबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. आपल्या सांगण्याप्रमाणे मी बाल्बेकला जाऊन आलो. आपण म्हणाला होता, "आमच्यात पहिल्या खेपेला कुणी खरं बोलत नाही. तोंडात जे असतं त्याच्या उलट मनात असतं. आमचा माणूस नाही म्हणाला तर हो समज, आणि नको म्हणाला तर आणखी वाढ." हे मी रात्रीपर्यंत पाठ केलं होतं.

नझीहला मी तीनदा विचारलं. तो तिन्ही वेळा हो म्हणाला. याहून स्पष्ट नकार कोणता? आपण शिकवलं नसतं तर मी अडाण्यासारखं त्याला गाडीत घालून आणलं असतं, आणि त्या भल्या माणसाच्या मनाविरुद्ध झालं असतं. त्याने तर सामान बांधण्यापर्यंत माझं मन राखलं.

आता शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कोचचं नाव कळवायचं आहे. नाव नसेल तर सामना सोडावा लागेल. एलीला पुन्हा विचारायची मला लाज वाटते, तो स्वतःला नालायक म्हणाला आहे. उस्ताद हलीम यांच्या घरावरून मी जात नाही.

तेता, खरं सांगायचं तर या क्लबाला आपल्याइतकं कुणीच ओळखत नाही. ती जागा वास्तविक आपलीच. आपणच येऊन बाकावर बसावं, म्हणजे आम्ही धन्य होऊ.

(असंच म्हणायचं असतं ना? आपण शिकवल्याप्रमाणे लिहिलं आहे. चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.)

आपला नम्र,
नागिब

*

ऐन तूत
२३ एप्रिल, दुपारी

सेन्योर नागिब यास,

हो.

उलटं वाचू नकोस. हे खरंच हो आहे. सलवाला साक्षीला ठेवलंय. माझं नाव लावून टाक आणि शनिवारी गाडी पाठव. बसायची गादी मी घरून आणते, क्लबाचा बाक थंडगार असतो.

तेता वर्दे

*

बाल्बेक
२५ एप्रिल

तेता,

वाण्याच्या दुकानातल्या रेडिओवर ऐकलं. निवेदक तुझं नाव वाचताना मध्येच थांबला, मग पुन्हा वाचलं. वाण्याने मला फुकट लिंबू-सरबत दिलं आणि खांद्यावर हात ठेवला. हे खोटं आहे असं कळव.

तू शहात्तर वर्षांची आहेस. तुला टाइम-आउट आणि टोपली यातला फरक कळत नाही. बैरूतवाले हसतील. हसू देत, पण माझी पोरं!

आणि मी येऊ शकत नाही. मला कुणी घेतलं नाही. मी तीनदा हो म्हणालो आणि तो माणूस गेला. आता मी बिनबोलावता माझ्याच मैदानात शिरलो तर लोक म्हणतील, बघा, नको असताना आला. जीव गेला तरी मी त्या रेषेच्या आत पाऊल टाकणार नाही. सांगून ठेवतो.

पण जर खरंच बसणार असशील तर हे बाजूला लिहून घे: त्यांचा मधला माणूस, केस रंगवलेला, तो फक्त डावीकडे वळतो. डेक्सटरला दर थोड्या वेळाने खाली बसव. दमला की तो नखं खायला लागतो. आणि एलीला जवळ बसव. त्याला सगळं येतं.

मी येत नाहीये.

नझीह

*

ऐन तूत
२७ एप्रिल

चिरंजीव नझीह यास आशीर्वाद.

हे पत्र अबू तन्नूस बैरूतला तुमच्या हॉटेलात आणून देईल. काल मैदानातूनच संघ घेऊन तू बसमध्ये चढलास, मला धड बोलायलाही मिळालं नाही. म्हणून आज सलवाला बसवलंय. तिचा घसा बसलाय, हात ठीक आहे.

पहिला अर्धा सामना तू पाहिला नाहीस, तेव्हा तो ऐक.

मी गादी टाकून बसले. पंच आला आणि म्हणाला, "आजी, इथे फक्त कोच बसतात." मी म्हणाले, "बाळा, तूच बस थोडा, मघापासून उभा आहेस." तो कागद बघून आला आणि मग माझ्याकडे बघेना. बैरूतवाल्यांचा कोच सूट घालून आला होता. मला हात मिळवायला वाकला तेव्हा मी त्याला विचारलं, "लग्न झालंय का?" त्यानंतर तो बराच वेळ गोंधळलेला होता. माझ्या हातून क्लबाला झालेला फायदा म्हणायचा तर एवढाच.

बाकी आम्ही मार खाल्ला. पोरं दर वेळी माझ्याभोवती वाकून उभी राहायची, घामाच्या धारा माझ्या मांडीवर, आणि मी काय सांगणार? "चेंडू त्यांच्या हातात का देता, त्यांनी मागितला तरी का?" डेक्सटर नखं खायला लागला तसा मी त्याला बसवून तिळाचा काक पाव खायला दिला. तो म्हणाला, आणखी आहे का.

एली शेजारी होता. त्याला सगळं दिसत होतं, ओठ हलत होते, पण बोलेना. त्याला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं ना! मी म्हणाले, "एली, सांग काहीतरी." "तेता, तुमच्यापुढे मी?" "सांग." "छे, माझी काय..." "एली, तिसऱ्यांदा विचारतेय!" पोरगा रडलाच. मग असा सुटला की थांबेना. तोवर आपण अठरा गुणांनी मागे पडलो होतो.

दुसरा अर्धा तू पाहिलास, पण स्वतःला पाहिलं नाहीस. ते मी पाहिलं.

तू आलास ते मला कळलं नव्हतं. सलवाने दाखवलं. सगळ्यात वरच्या रांगेत, आत्याची शाल डोक्यावरून घेऊन, विकत घेतलेलं तिकीट हातात उंच धरून बसलेला. म्हणजे कुणी म्हटलं "बिनबोलावता आला", तर तू म्हणणार, "मी प्रेक्षक आहे." देवाने तुला एवढी उंची दिली आणि तू शालीत लपायला बघतोस! माझ्या मागच्या रांगेतल्या बाया म्हणत होत्या, ही कोण थोराड बाई.

मग त्या रंगवलेल्या केसांच्या माणसाने डावीकडून आणखी एक टोपली केली आणि तू उभा राहिलास. "डावीकडे! तो डावीकडेच येतो!" आणि एक पायरी खाली आलास. पुन्हा ओरडलास, आणखी एक पायरी. महापौराच्या बायकोच्या मांडीवरची भाजलेल्या बियांची पिशवी तुडवलीस. पाद्रीबाबांच्या खांद्याला धरून उतरलास, त्यांना वाटलं आशीर्वाद मागतोयस, त्यांनी दिला. शाल कुठे पडली तुलाही कळलं नाही. ज्या रेषेच्या आत जीव गेला तरी पाऊल टाकणार नव्हतास, तिच्या आत तू सपाता घालून उभा होतास. पाठ सगळ्या गावाकडे, तोंड पोरांकडे. आणि पोरांचे चेहरे! अरे, वीज गेलेल्या घरात दिवे परत आले की होतं ना, तसं झालं.

नागिब धावत आला, दोन्ही हात पसरून. "नझीह! मी पुन्हा विचारतो, तू..."

तू मान न वळवता म्हणालास, "बाजूला व्हा हो, दिसत नाहीये!"

तो माझ्याकडे वळला. कपाळावर घाम. "तेता, याचा अर्थ काय होतो?"

मी म्हणाले, "याचा अर्थ, बाजूला हो."

तो झाला. माझ्या गादीच्या टोकाला येऊन बसला आणि सामना संपेपर्यंत माझा हात धरून ठेवला. मोडतो की काय असं वाटलं. तेव्हा कळलं मला, त्यालाही तू तेवढाच हवा होतास. त्याला फक्त मागता येत नव्हतं, आणि तुला देता येत नव्हतं.

अठरा गुण मागे होतो ते एका गुणावर आणलंत. आणि एका गुणाने हरलो.

आता ज्यासाठी पत्र लिहिते ते. शिट्टी वाजली तसा तू मान खाली घालून नागिबकडे निघालास. ती चाल मी ओळखते, तुझ्या आजोबांची शनिवारची चाल. हात छातीकडे जायला लागला होता. म्हणून मी काठीने तुझा सदरा मागून ओढला आणि उरलेला काक तुझ्या तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, आजीची माया. माया नव्हती. आणखी एक शब्द बोलला असतास तर त्या शहाण्याने पुन्हा "धन्यवाद" म्हटलं असतं.

गावात सगळे तोंडं पाडून हिंडतायत. न्हाव्याने सकाळी कुणाचे केस कापले नाहीत. नागिब येऊन विचारून गेला, "तेता, हरलो, म्हणजे आता काय समजायचं?" त्याला सांगितलं तेच तुला सांगते, पोरांना वाचून दाखव.

या फेरीत बैरूतवाल्यांशीच सामने तीन आहेत, आणि दोन जिंकले की पुरतं. विजय काही ब्राझीलचा नाही. तो इथलाच आहे, चांगल्या घरात वाढलेला. पहिल्या खेपेला "नको, नको" म्हणाला म्हणून कुणी उठून जातं का? बुधवारी जा आणि पुन्हा विचारा.

जरा आग्रहाने.

तुझी तेता वर्दे